आकडे कमी, नाव मोठं: नाकाताचं गणित

आधी आकडे बघू. यासुहितो एन्दो जपानच्या पुरुष फुटबॉल संघाकडून १५२ सामने खेळला. त्याच्याहून जास्त कोणीच खेळलेलं नाही. शुन्सुके नाकामुराचे ९८ सामने आणि २४ गोल. काझुयोशी मिउरा, म्हणजे सगळ्यांचा ‘काझू’, याचे ८९ सामन्यांत ५५ गोल. आणि हिदेतोशी नाकाता? ७७ सामने, ११ गोल. जपानने २००० आणि २००४ साली आशियाई चषक जिंकला, त्या दोन्ही वेळी हा गडी संघात नव्हता. २९व्या वर्षी तर त्याने व्यावसायिक फुटबॉलच सोडलं.

तरीही जपानबाहेरच्या चाळिशीतल्या एखाद्या फुटबॉलवेड्याला जुन्या जपानी खेळाडूचं नाव विचारलं, तर तोंडात पहिलं नाव बहुतेक वेळा नाकाताचंच येतं. एन्दो म्हटलं की समोरचा विचारात पडतो. मग या ७७ सामन्यांमध्ये असं काय होतं, जे १५२मध्ये नव्हतं?

इथे गफलत होते ती ‘लोकप्रिय’ या शब्दामुळे. आपण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे नाव होणं: लोक तुम्हाला ओळखतात. दुसरं, मान मिळणं: खेळातली जाणकार मंडळी तुमच्या कामाला वजन देतात. तिसरं, जीव लागणं: तुम्ही हरलात तर लोकांना स्वतःच्या घरातलं कोणी हरल्यासारखं वाटतं. तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतातच असं नाही. एन्दोला मान भरपूर मिळाला. काझूवर जपानने जीव लावला. नाकाताचं नाव झालं, आणि ते जगभर झालं. त्याच्या वाट्याला माया किती आली, हा जरा अवघड प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो.

नाव व्हायला खेळ लागतो हे खरं, पण तो बघायला कोणीतरी असावं लागतं. कुनिशिगे कामामोतो हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने फुटबॉलचं कांस्यपदक जिंकलं आणि कामामोतो ७ गोल मारून स्पर्धेत अव्वल ठरला. आशियातल्या खेळाडूसाठी त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! पण तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हती. कंपन्यांचे संघ एकमेकांशी खेळायचे. यासुहिको ओकुदेराची गोष्टही तशीच. तो १९७७मध्ये जर्मनीतल्या कोलोन क्लबकडे गेला, पहिल्याच मोसमात संघाबरोबर लीग आणि जर्मन कप असे दोन्ही जिंकला, आणि १९७९मध्ये युरोपियन कपच्या उपांत्य सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध गोलही मारून आला. नाकाताच्या वीसेक वर्षं आधी! आज त्याचं नाव इतिहासात रस असलेल्यांनाच माहीत असतं. जपानी फुटबॉलला घराघरात प्रेक्षक मिळाला तो १९९३मध्ये, जे-लीग ही व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर.

त्या प्रेक्षकाचा पहिला लाडका काझू. पंधराव्या वर्षी एकटा ब्राझीलला जाऊन फुटबॉल शिकलेला, गोल मारला की मैदानात नाचणारा, जे-लीगच्या पहिल्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. १९९४मध्ये तो इटलीत जेनोआकडून खेळायला गेला. सेरी आ, म्हणजे इटलीची सर्वोच्च लीग, खेळणारा तो पहिला जपानी. पण तिथे लीगमध्ये त्याचा एकच गोल झाला, आणि ‘हा जपानी जाहिरातदारांसाठी आणलेला खेळाडू’ ही कुजबुज त्याच्या पाठीस लागली. ही कुजबुज लक्षात ठेवा.

१६ नोव्हेंबर १९९७. मलेशियातलं जोहोर बाहरू. जपान विरुद्ध इराण, जिंकणारा संघ थेट १९९८च्या वर्ल्ड कपला जाणार. जपान तोवर एकदाही वर्ल्ड कप खेळलेला नव्हता. चार वर्षांपूर्वी दोह्यात इराकने शेवटच्या क्षणी बरोबरी साधून त्यांची संधी घालवली होती, ती जखम ताजी होती. दुसऱ्या अर्धात जपान १-२ मागे असताना प्रशिक्षक ताकेशी ओकादांनी पुढचे दोन्ही खेळाडू एकदम बाहेर बोलावले. त्यातला एक काझू. त्याने स्वतःच्या छातीकडे बोट करून विचारलं, ‘मी?’ जपानी फुटबॉल बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो हातवारा अजून आहे. मैदानावर उरला २० वर्षांचा नाकाता. पहिले दोन गोल त्याच्या पासवर झाले. जादा वेळेत त्याचा फटका गोलरक्षकाने अडवला, चेंडू सुटला आणि मासायुकी ओकानोने तो जाळ्यात ढकलला. ३-२. पुढच्या उन्हाळ्यात वर्ल्ड कपच्या अंतिम संघातून ओकादांनी काझूला वगळलं. एका पिढीचा लाडका गेला आणि दुसऱ्या पिढीचा चेहरा आला, सगळं सात-आठ महिन्यांत.

१९९८च्या फ्रान्समधल्या स्पर्धेत जपान तिन्ही सामने हरला. नाकाता मात्र केस पिवळेधमक रंगवून आला होता, आणि दूरच्या कॅमेऱ्यातही तो लगेच सापडायचा. वरवरची गोष्ट वाटेल, पण नाव होण्याच्या गणितात ती वरवरची नाही. ज्याला एकही जपानी नाव पाठ नव्हतं, त्यालाही ‘तो पिवळ्या केसांचा’ एवढं सांगता येत होतं.

मग पेरुजा. इटलीतल्या उंब्रिया भागातलं डोंगरावरचं शहर, चॉकलेटसाठी प्रसिद्ध. क्लब नुकताच वरच्या श्रेणीत आलेला. त्या काळची सेरी आ म्हणजे आजच्या प्रीमियर लीगच्या जागी होती असं समजा. इंटरमध्ये रोनाल्डो, युव्हेंटसमध्ये झिदान आणि देल पिएरो, फिओरेंटिनात बातिस्तुता. १३ सप्टेंबर १९९८ला नाकाताचा पहिला सामना थेट युव्हेंटसशी पडला. पेरुजा ३-४ असा हरला, पण नाकाताने दोन गोल मारले. काझूच्या मागे लागलेली ती कुजबुज त्या दिवशी बंद पडली. मोसमाअखेरीस त्याचे लीगमध्ये १० गोल झाले होते, आणि तो मिडफिल्डर होता हे विसरू नका. पेरुजाच्या गल्ल्यांत जपानी पत्रकार आणि पर्यटक दिसू लागले, त्याचे शर्ट खपू लागले. इटालियन क्लबांच्या लक्षात आलं की एक जपानी खेळाडू चांगला खेळतो आणि शिवाय एक अख्खी बाजारपेठ बरोबर घेऊन येतो.

आता नाकामुराला शेजारी उभा करू, कारण खरी तुलना इथे रंगते. वयाने तो नाकाताहून दीडेक वर्षांनी लहान. डाव्या पायाची जादू म्हणाल तर नाकाताहून सरस, असं मीही म्हणेन. पण २००२चा वर्ल्ड कप जपान आणि कोरियात भरला तेव्हा प्रशिक्षक फिलिप त्रूसिए यांनी त्याला संघातच घेतलं नाही. आपल्या देशात, आपल्या लोकांपुढे खेळण्याची आयुष्यातली एकमेव संधी हुकली.

ती संधी केवढी होती हे एका आकड्यावरून कळतं. ९ जून २००२ला योकोहामात जपानने रशियाला १-० हरवलं, तेव्हा तोक्योच्या आसपासच्या कांतो भागात त्या प्रक्षेपणाचं टीव्ही रेटिंग ६६.१ टक्के होतं. आपल्याकडे तो सामना रविवारी संध्याकाळी ५ वाजता लागला होता. भारतातल्या प्रेक्षकांना एकही रात्र न जागता पाहता आलेला असा वर्ल्ड कप क्वचितच मिळाला; सामने दुपारी १२, अडीच आणि ५ वाजता, तेही महाराष्ट्रात शाळा उघडायच्या तोंडावर. माझ्या वयाच्या पुष्कळ मराठी पोरांना जपानी खेळाडूंची नावं तेव्हाच कळली, आणि त्यातलं पहिलं नाकाताचं. ट्युनिशियाविरुद्ध त्याने डोक्याने गोलही मारला. त्याच सुमारास नाइकीची ती जहाजातल्या पिंजऱ्यात खेळलेल्या सामन्यांची जाहिरात टीव्हीवर सतत लागायची. त्यात नाकाता थिएरी आन्री आणि फ्रांचेस्को तोत्तीच्या संघात होता. जपानी फुटबॉलपटूला जगातल्या पहिल्या रांगेत बसवलेलं आपण बहुतेक तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

नाकामुराचं नाव मोठं झालं ते चार वर्षांनी, ग्लासगोमध्ये. २१ नोव्हेंबर २००६, त्याचा तिथला क्लब सेल्टिक विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. जवळपास ३० यार्डांवरून त्याची फ्री किक भिंतीवरून वळत वरच्या कोपऱ्यात गेली. सेल्टिक १-० जिंकलं आणि पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या १६ संघांत पोहोचलं. पुढच्या एप्रिलमध्ये किल्मार्नॉकला जादा मिनिटांत आणखी एक फ्री किक मारून त्याने लीगचं जेतेपद पक्कं केलं. त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या खेळाडूंनी आणि पत्रकारांनीही त्यालाच सर्वोत्तम ठरवलं. सेल्टिकच्या चाहत्यांसाठी तो ‘नाका’. मी म्हणतो त्यातली तिसरी गोष्ट, जीव लागणं, ती त्याला पुरेपूर मिळाली, पण एका शहरातल्या एका क्लबच्या लोकांकडून. नाकाताची ओळख पसरट होती, नाकामुराची खोल. पाणी तेवढंच, भांडी वेगळी.

म्हणूनच ‘कोण जास्त लोकप्रिय’ या प्रश्नाचं उत्तर कोणाला विचारता आणि कसं विचारता यावर ठरतं. ‘आजवरचा सर्वोत्तम जपानी फुटबॉलपटू कोण?’ असं विचारलं तर लोक आठवून, तोलून उत्तर देतात. ‘तुमचा आवडता कोण?’ विचारलं तर त्यांच्या लहानपणी जो खेळत होता त्याचं नाव घेतात. ‘कोणतंही एक नाव सांगा’ म्हटलं तर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं नाव येतं, आणि तिथे आज खेळणारेच पुढे असतात, कारण ते दर आठवड्याला दिसतात. ग्लासगोत विचारा, पेरुजात विचारा, योकोहामात विचारा, पन्नाशीच्या माणसाला विचारा किंवा कॉलेजातल्या मुलीला; उत्तरं बदलतील. ‘सर्वांत लोकप्रिय’ असं छापणारी कुठलीही यादी दिसली की आधी प्रश्न काय होता ते शोधावं. आणखी एक: या याद्या बहुतेक वेळा नुसत्या पुरुषांच्या असतात. जपानच्या महिला संघाच्या होमारे सावाचे २०५ सामने आणि ८३ गोल आहेत. २०११मध्ये, भूकंप आणि त्सुनामीच्या वर्षी, अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिने ११७व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि जपानने वर्ल्ड कप जिंकला. तिला वगळून केलेली तुलना अर्धीच.

रूपावर मिळणारी लोकप्रियता तर आणखी वेगळी. २००२मध्ये जपानला बेकहॅमचं वेड लागलं होतंच, पण त्याहून मजेशीर किस्सा तुर्की स्ट्रायकर इल्हान मान्सिझचा. तो जपानमध्ये इतका गाजला की २००४मध्ये कोबेच्या क्लबने त्याला आणलं. मोजकेच सामने खेळून तो परतला आणि लाट ओसरली. जपानचा कर्णधार त्सुनेयासु मियामोतोही २००२च्या वर्ल्ड कपमध्ये नाकाच्या दुखापतीमुळे काळा मुखवटा लावून खेळला आणि रातोरात सगळ्यांच्या तोंडी झाला. त्याचं नाव मात्र टिकलं, कारण मुखवट्यामागे काम होतं. २००४च्या आशियाई चषकात जॉर्डनविरुद्ध पेनल्टी मारताना नाकामुरासह जपानचे पहिले दोघेही चुकले. तेव्हा या मियामोतोने पंचांना जाऊन सांगितलं की इथली जमीन खराब आहे, दुसऱ्या बाजूला घ्या. पंचांनी ऐकलं, आणि जपान सामना जिंकला!

नाकाताकडे परत येऊ. २००१मध्ये रोमा या पेरुजानंतरच्या क्लबसाठी त्याने जे केलं ते तिथला तारा तोत्तीच्या सावलीत बसून केलं. मे महिन्यात तुरीनमध्ये युव्हेंटस २-० पुढे होता. तोत्तीच्या जागी उतरलेल्या नाकाताने लांबून एक जबरदस्त गोल मारला, आणि शेवटी त्याच्याच फटक्याचा सुटलेला चेंडू मोंतेल्लाने आत घातला. २-२. त्या मोसमात रोमा विजेते ठरले. मग पार्मा क्लबने त्याच्यासाठी मोजलेली रक्कम आशियाई खेळाडूसाठीचा विक्रम ठरली. तो २०१५मध्ये सोन हुंग-मिन टॉटनहॅमला गेला तेव्हा मोडला. २००४मध्ये पेलेंनी निवडलेल्या १२५ हयात महान खेळाडूंत आशियाचे दोनच होते, कोरियाचा होंग म्युंग-बो आणि नाकाता. अशा याद्यांची एक खोड असते: आधी नाव आहे म्हणून यादीत घेतात, मग यादीत आहे म्हणून नाव वाढतं. कोणत्या तरी बिंदूनंतर कीर्ती स्वतःच्या व्याजावर जगू लागते.

पण त्याच्या व्याजाचा मोठा हिस्सा तो गेला कसा, यातून आला असं मला वाटतं. नाकामुराची अखेर लांबत गेली. २०१०च्या वर्ल्ड कपमध्ये तो बहुतेक वेळ बाकावर बसला आणि झोत केइसुके होंदावर गेला. पुढे २०१३मध्ये तो ३५व्या वर्षी पुन्हा जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दोनदा तो मान मिळवणारा एकमेव. आणि खेळत राहिला थेट २०२२पर्यंत, वयाच्या ४४पर्यंत. काझू तर पन्नाशी उलटल्यावरही मैदान सोडायला तयार नव्हता, आणि त्याच हट्टामुळे जपानी माणसाला तो आणखी आपला वाटतो. या दोघांचं उतरतं वय लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. नाकाताचं कोणी पाहिलंच नाही. ३ जुलै २००६ला त्याने आपल्याच संकेतस्थळावर लिहून निवृत्ती जाहीर केली. वर्ल्ड कपनंतर थांबायचं हे सहाएक महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं, असंही सांगितलं. निरोपाचा सामना नाही, पत्रकार परिषद नाही. वर्तमानपत्रांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून १९९८पासून तो चाहत्यांशी थेट त्या संकेतस्थळावरूनच बोलायचा. आज सगळे खेळाडू तेच करतात. तेव्हा ते उद्धट वाटायचं.

त्यानंतरही तो प्रशिक्षक झाला नाही. जग हिंडला, मग जपानचे ४७ प्रांत पालथे घातले, साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, गाळणाऱ्या जुन्या घराण्यांकडे जाऊन बसला आणि पुढे साकेच्या धंद्यातच उतरला. ज्यांनी त्याला खेळताना पाहिलंच नाही, त्यांना तो साकेवाला किंवा फॅशनवाला म्हणून माहीत आहे. एका नावाला दुसरा गिऱ्हाईकवर्ग मिळाला. एन्दोला किंवा शिंजी ओनोला हे कधी जमलं नाही. त्यांनी प्रयत्नही केला नसावा.

राहिला मायेचा प्रश्न. संघात नाकाता एकलकोंडा मानला जायचा, बोलायला फटकळ. २००१च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये अंतिम सामना बाकी असताना तो रोमाकडे परत गेला होता. क्लबचं जेतेपद पणाला लागलं होतं, पण काही लोकांना ते लागलंच. २२ जून २००६ला डॉर्टमुंडमध्ये ब्राझीलने जपानला ४-१ हरवलं. सामना संपल्यावर नाकाता मध्यवर्तुळात आडवा झाला आणि दहाएक मिनिटं तसाच पडून राहिला. बाकीचे खेळाडू हळूहळू आत निघाले. हा आपला शेवटचा सामना आहे हे त्याला माहीत होतं, त्यांना नाही.

त्या क्षणाचा फोटो जगभर छापून आला. त्याच्याजवळ चालत गेलेला खेळाडू कर्णधार मियामोतो होता. निलंबनामुळे तो त्या दिवशी खेळलाही नव्हता. तोच मियामोतो २०२४मध्ये जपानी फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. हा फोटो बाहेरच्या कोणालाही दाखवा, आडव्या पडलेल्या माणसाचं नाव तो सांगेल. दुसरा कोण, असं विचारलं तर बहुधा खांदे उडवेल.